फीडबॅक फॉर्म आणि बीपीचा पट्टा

बेळगावातल्या एका मेडिकल कॉलेजात मी बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे वैद्यकीय संख्याशास्त्र, शिकवते. पीजीच्या मुलांच्या थिसिसचे आकडे तपासणं हे रोजचं काम. त्या दिवशी मात्र टेबलावर आले ते आमच्याच शिक्षकांचे आकडे. गावातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजातले सर माहिती प्रणालीत पीएचडी करतायत. विद्यार्थ्यांनी शिक्षकांबद्दल दिलेल्या ऑनलाइन फीडबॅकवरून शिकवण्याचा दर्जा कितपत कळतो, हा त्यांचा विषय. एथिक्स कमिटीची परवानगी होती, विद्यार्थ्यांची नावं काढून नुसते कोड ठेवले होते.

सरासरीच्या यादीत मेडिसिनच्या एक मॅडम तळाला होत्या. खाली शेरे: ‘स्लाइड देत नाहीत’, ‘सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा करायला लावतात’. या आकड्यावर त्यांची बढती अडणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि मला ते फार डाचत होतं.

सरांनी सर्व्हरचा लॉग उघडला. कुठला फॉर्म कधी उघडला, कधी पाठवला, याची सेकंदासकट नोंद त्यात असते. भला मोठा प्रश्नांचा फॉर्म, आणि मिनिटाच्या आत भरून मोकळा. तसे ओळीनं किती तरी. प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी पाचच. ‘शिक्षक तासाला उशिरा येतात’ असा एक उलटा प्रश्न मुद्दाम घातलेला, त्यालाही पाच. म्हणजे वाचलंच नव्हतं. तो प्रश्न वगळून काढलेला क्रॉनबॅक अल्फा तर झकास आला होता. ली क्रॉनबॅक यांनी १९५१ साली मांडलेलं हे माप उत्तरं एकमेकांशी किती जुळतात एवढंच सांगतं. सगळीकडे एकच आकडा दाबला तर ती जुळणारच! अहवालात मात्र तोच अल्फा ‘विश्वासार्ह’ म्हणून मिरवत होता.

कारण लगेच सापडलं. फीडबॅक भरल्याशिवाय हॉल तिकीट डाउनलोड होत नव्हतं. परीक्षा तोंडावर आलेली पोरं दुसरं काय करणार? त्यात फॉर्म निनावी म्हणायचा, पण लॉगइन रजिस्टर नंबरानं. पोरांना हे कळत नाही असं समजणाऱ्यांचं मला नवल वाटतं. वेळ देऊन भरलेले फॉर्म मोजके होते आणि त्यातले बरेच मॅडमच्या वाट्याचे. ज्यांना राग होता त्यांनी वेळ काढला होता.

मी सरांना डॉ. फॉक्सचा प्रयोग सांगितला. मायकेल फॉक्स नावाच्या नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ म्हणून उभं करून, वैद्यकीय शिक्षणात गणिती गेम थिअरी कशी वापरायची यावर बोलायला लावलं होतं. बोलणं रंगतदार, आत अर्थ काही नाही. समोर मानसोपचारतज्ज्ञ आणि शिक्षक बसलेले, आणि त्यांनी त्याला चांगले गुण दिले. १९७३ साली हे छापून आलं. पुढे २०१७ मध्ये मानसशास्त्रज्ञ बॉब उटल आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा विद्यार्थ्यांनी दिलेले गुण आणि त्यांचं प्रत्यक्ष शिकणं यांचा संबंधच दिसला नाही.

दुपारी ऑस्की, म्हणजे हातानं करून दाखवायची परीक्षा, होती. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडीत मांडलेली ही परीक्षापद्धत: टेबलामागून टेबल, ठरावीक वेळ, हातात चेकलिस्ट. गुण गोळा करायला मी बीपीच्या टेबलापाशी बसले होते. ठरलेला पेशंट घरी गेलेला, म्हणून ओपीडीतून निपाणीकडच्या, विड्या वळणाऱ्या एक मावशी आणल्या होत्या. जुन्या पेपरवर वरचं बीपी १५०.

पहिल्या काही जणांनी पट्टा बांधला, भराभर १६० पर्यंत हवा भरली, स्टेथो लावला. कुणी १४६ सांगितलं, कुणी १४८. मग मॅडमच्या तुकडीतली केरळची मुलगी आली. तोडक्या मराठीत म्हणाली, “मावशी, पाय खाली टेका. बोलू नका.”

“नाही बोलत बाई,” म्हणत मावशी गप्प बसल्या.

तिनं हात हृदयाच्या पातळीला आणला, मनगटावर नाडी धरली आणि ती लागेनाशी होईपर्यंत पट्टा फुगवला. तो आकडा लक्षात ठेवून हवा सोडली. थोडं थांबून त्याच्याही वर ३० पर्यंत चढवलं आणि सेकंदाला दोनच्या बेतानं पारा उतरू दिला. तिनं सांगितलं, १९६. परीक्षकांनी स्वतः मोजलं. तेवढंच आलं.

मावशींचे आवाज वर सुरू होऊन मधेच गायब होत होते आणि १५० च्या आसपास पुन्हा येत होते. याला ऑस्कल्टेटरी गॅप म्हणतात. आधी नाडी धरून पाहिली नाही तर माणूस या फटीत फसतो, आणि ज्याला उपचार वाढवायला हवेत तो ‘ठीक आहे’ म्हणून घरी जातो. परीक्षकांनी टेबल तिथंच थांबवलं. मावशींच्या गोळ्या संपून बरेच दिवस झालेले. त्यांना लगेच मेडिसिनकडे नेलं.

ही सवय त्या मुलीला कुठून लागली ते वॉर्डात सगळे जाणतात. मॅडम प्रत्येकाकडून नाडी धरून करवून घेतात आणि चुकलं की सगळ्यांसमोर पुन्हा. ‘पाय टेका, बोलू नका’ हे मराठीत आणि कन्नडमध्ये पाठ करून घेतात. शेऱ्यात तक्रार म्हणून आलेली गोष्ट हीच.

एका पेशंटवरून निष्कर्ष काढायचा नाही हे मीच मुलांना शिकवते. म्हणून संध्याकाळी तुकडीवार गुण मांडले. तुकड्या रोल नंबरानं पाडलेल्या, हुशारीवर नाही, तेव्हा तुलना बऱ्यापैकी रास्त. लेखी परीक्षेत मॅडमची तुकडी इतरांसारखीच होती. हातानं करून दाखवायच्या टेबलांवर ती स्पष्ट पुढे होती. एकाच वर्षाचा हा हिशेब आहे, पुढच्या बॅचवर तो पुन्हा तपासावा लागेल.

प्रिन्सिपॉलना मी टिपण दिलं: हॉल तिकिटाची अट काढा, फॉर्म लॉगइनपासून तोडा, बढतीसाठी नुसती सरासरी धरू नका, वॉर्डातलं शिकवणं एखाद्या सहकाऱ्यानं बसून पाहावं आणि ऑस्कीचे गुण सोबत ठेवावेत. हॉल तिकिटाची अट निघाली. मॅडमची फाईल मॅनेजमेंटकडे आहे. लॉगचा तक्ता मी तिला जोडला आहे.