साथीच्या काळात बाळाचं लसीकरण: माझा अनुभव

मार्च २०२० मध्ये कोविडची महामारी जाहीर झाली तेव्हा माझी मुलगी जेमतेम दोन महिन्यांची होती. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लशीचा पहिला डोस झाला होता, दुसऱ्याची तारीख तोंडावर आली होती. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं: आता दवाखान्याची पायरी नको, साथ ओसरली की बघू. सासूबाईंना वेगळीच धास्ती होती. लस टोचली की बाळाची ताकद कमी होईल आणि नेमका तेव्हाच हा नवा आजार गाठेल.

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आधी तीच शंका निकालात काढली. लशीमुळे इतर आजारांशी लढण्याची ताकद कमी होत नाही. बाळाचं शरीर रोज असंख्य जंतूंना तोंड देत असतं, लशीतले घटक त्यापुढे अगदी थोडे. धोका असलाच तर तो सुईत नाही, दवाखान्यातल्या गर्दीत आहे. हे मला पटलं, कारण गर्दी टाळता येते. डांग्या खोकला मात्र सगळ्यात जास्त जिवावर बेततो तो याच वयात, आणि साथ कधी ओसरणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्चअखेरीस हाच फरक केला होता: सामूहिक मोहिमा तूर्त थांबवा, नियमित लसीकरण शक्य तिथे चालू ठेवा.

मग ठरवून गेलो. सकाळची पहिली वेळ घेतली, तेव्हा आजारी मुलं नसतात. बाळासोबत मी एकटीच, मास्क लावून. बाळाला मास्क लावायचा नसतो. बोलावेपर्यंत बाहेर मोकळ्यावर थांबलो आणि टोचून झाल्यावरची वेळही तिथेच काढली.

खरी कसोटी रात्री होती. अंग तापलं. एरवी कुणी फार मनावर घेतलं नसतं, पण त्या दिवसांत ताप म्हटला की काळजात धस्स व्हायचं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून निभावलं: या लशीचा ताप बहुधा पहिल्या दिवसातच येतो आणि एकदोन दिवसांत उतरतो. खोकला, वाहतं नाक, धाप ही लशीची लक्षणं नव्हेत. तसं काही दिसलं किंवा ताप रेंगाळला तर लगेच फोन करायचा. सकाळपर्यंत ताप उतरला.

जुलैत ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आफ्रिकेबद्दलचा एक अभ्यास आला. लसीकरणासाठी केंद्रावर गेल्याने कोविडचा एक जादा मृत्यू झाला, तर लशींमुळे ८४ बालमृत्यू टळतील, असा त्यांचा अंदाज होता. तो आकडा मी सासूबाईंना वाचून दाखवला.

नणंदेच्या घरी कोविड शिरला होता, त्यामुळे तिच्या मुलाचा डोस विलगीकरण संपेपर्यंत पुढे ढकलावा लागला. आता पहिल्यापासून सगळं करावं लागेल, या विचाराने ती खचली होती. तसं काही लागत नाही. जिथे थांबलं होतं तिथूनच पुढचा डोस दिला आणि त्यानंतरच्या डोसाची तारीख कमीत कमी चार आठवड्यांचं अंतर ठेवून कार्डावर लिहून मिळाली.