पाव इंचाने अडवलेला अभ्रा

तुकडे जोडून कुशनचा अभ्रा शिवायचा म्हटलं की कुठेही पाहा, सूचना ठरलेली असते: सगळीकडे पाव इंच शिवण सोडा, म्हणजे टीप कापडाच्या कडेपासून पाव इंच आत मारा. आणि लगेच पुढे: प्रेशर फूटची (सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या पायाची) कड कापडाच्या कडेला लावून टीप मारली की पाव इंच आपोआप येतो. या दुसऱ्या वाक्याचा मला अजून राग येतो. माझ्या मशीनवर ते खरं नव्हतं, आणि हे कळेपर्यंत माझे तीन रविवार गेले.

बेत अगदी साधा होता. १६ इंची चौकोनी कुशन, चार ओळी, प्रत्येक ओळीत चार चौकोन. शिवून झाल्यावर एकेक चौकोन ४ इंचांचा हवा, म्हणून कापताना ४.५ इंचांचा. जुन्या शर्टांचं आणि शिवणकामातून उरलेलं सुती कापड होतं. ते आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घेतलं. (आधी धुणं टाळू नका. एखादं कापड पहिल्याच पाण्यात आटतं, एखादं रंग सोडतं, आणि शिवून झाल्यावर दोन्हींवर काही करता येत नाही.) कापणं आणि रंग मांडणं एका दुपारी आटोपलं.

मग ओळी जोडल्या. हिशेबाने प्रत्येक ओळ १६.५ इंच भरायला हवी होती. पहिली भरली पावणेसोळा. दुसरी सोळाच्या थोडी वर, तिसरी पुन्हा पावणेसोळा. वाटलं, कापतानाच चुकलं असेल. उरलेले चौकोन मोजले, तर सगळे बरोबर ४.५. तरी घाई नडली. ओळी तशाच एकमेकींना जोडल्या आणि उलटून पाहिलं, तर जिथे चार रंगांची टोकं एका बिंदूत मिळायला हवीत, तिथे प्रत्येक ठिकाणी पायरी पडलेली. आखूड ओळीचा कोपरा अलीकडे, लांब ओळीचा पलीकडे. तुकड्यांच्या कामात नजर आधी तिथेच जाते. सगळं उसवलं.

दुसऱ्या रविवारी मी त्याहून वाईट गोष्ट केली. आखूड ओळ ताणून लांब ओळीच्या बरोबरीला आणली, टाचण्या लावल्या आणि शिवली. कोपरे जुळले, पण कापडाला लाटा आल्या. वाफेची इस्त्री फिरवली तर लाटा पसरून आणखी रुंद झाल्या. पुन्हा उसवलं. तेव्हा टाका फार बारीक ठेवला होता, त्यामुळे तो निघता निघेना आणि दोन चौकोनांच्या कडा विरल्या. टाका २ ते २.५ मिलिमीटर ठेवा. टिकायला तेवढा पुरतो आणि उसवायची वेळ आली तर निघतोही. उसवतानाही दोरा ओढत बसू नका: एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापत जायचं आणि कापड उलटून दुसऱ्या बाजूचा दोरा उचलायचा. अख्खा सुटून येतो.

तिसऱ्या रविवारी शिवायला न बसता मोजायला बसले. सुई हाताने चाक फिरवून खाली आणली आणि सुईपासून फूटच्या कडेपर्यंत पट्टी धरली. पाव इंच नव्हताच. ३/८ इंच होता. म्हणजे प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांतून १/८ इंच जास्त जात होता, एका शिवणीला पाव इंच. एका ओळीत तीन शिवणी, म्हणजे पाऊण इंच. साडेसोळाचे पावणेसोळा! हरवलेला पाऊण इंच तिथे सापडला. दुसऱ्या ओळीत माझा हात थोडा ढळला होता म्हणून ती चुकून लांब आली होती, एवढंच. हिशेब जुळला तेव्हा जो जीव भांड्यात पडला, तो सांगता येणार नाही. माझ्या हाताचा दोष नव्हता.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: चौकोन जोडण्याआधी दहा मिनिटं काढा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, एकमेकींना शिवा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर १ इंच भरली पाहिजे. मशीनवर पाव इंचाची खूण केल्यावरही (ती कशी केली, ते पुढे सांगते) माझी पट्टी एका धाग्याने कमी भरली, कारण शिवण दुमडते तिथे कापडाची जाडी थोडं माप खाते. तेव्हा शिवण पाव इंचाहून किंचित कमी ठेवायची.

खूण अशी केली: पट्टीची पाव इंचाची रेघ सुईखाली आणली आणि पट्टीच्या कडेला लागून मशीनवर चिकटपट्टीचे चार-पाच थर एकावर एक लावले. थर हवेतच, कापडाची कड त्यांना टेकून सरकते. कापड पुढे सरकवणाऱ्या दातांवर मात्र ती येऊ देऊ नका, दातांच्या अलीकडेच थांबवा.

इस्त्रीचं आधीच सांगायला हवं होतं. पहिल्या ओळीच्या शिवणी सगळ्या उजवीकडे दाबायच्या, दुसरीच्या डावीकडे, तिसरीच्या पुन्हा उजवीकडे. मग ओळी सुलट्यावर सुलट ठेवल्या की दोन शिवणी एकमेकींना अडून बसतात. बोटाने चाचपलं की उंचवटा लागत नाही. तिथेच शिवणीच्या दोन्ही अंगांना टाचणी लावायची. आणि इस्त्री ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. घासत नेली की चौकोन तिरके होतात. माझ्या लाटांना तेही कारण होतंच.

चार बाय चार मांडणीत चार टोकं मिळतात अशा जागा नऊ. आठ पहिल्या फटक्यात जुळल्या. नववी एका धाग्याने चुकली होती; दुसऱ्या कुणाला दिसली नसती, पण मी दीड इंच उसवून ती पुन्हा शिवली.

पाठीला चेन लावली नाही. १६.५ बाय १२ इंचांचे दोन तुकडे, एकेका लांब कडेला १ इंच दुमड घालून, एकावर एक चढवले. साडेपाच इंच चढ मिळते आणि पाठ उघडी पडत नाही. चारी बाजूंनी पाव इंचावर टीप, आतल्या कडांना झिगझॅग, कोपऱ्याचं जादा कापड तिरकं छाटून उलटवलं.

कुशन मात्र अभ्र्याहून इंचभर मोठं घ्या. माझं नेमकं १६ चं होतं, कोपरे रिकामे राहिले. त्यात थोडा कापूस कोंबला, तेव्हा ते भरले. चिकटपट्टी मशीनवरून काढलेली नाही. दुसऱ्या अभ्र्याचे सोळा चौकोन कापून ठेवले आहेत.