बाभळीचं सरपण, गोल रचून

फोडलेलं सरपण फेब्रुवारीत रचलं, तर नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात पावसाआधी बरंच वाळतं. खाली विटांवर काठ्या टाका, नाहीतर वाळवी ठरलेली. दोन मीटर व्यासाच्या वर्तुळाच्या कडेवर ढलप्यांचं, म्हणजे फोडलेल्या लाकडांचं, एक आडवं कडं मांडा. त्यावर मध्याकडे तोंड केलेल्या ढलप्यांचं बाहेरचं टोक, आतलं खाली. उतार आतच हवा. थर सपाट होऊ लागला की कडेला पुन्हा आडव्या ढलप्या. यात कंजुषी केली की भिंतीला पोट सुटतं आणि रास कोसळते. मधे वेडेवाकडे तुकडे उभे, सैल टाका. ठासलेत तर बुरशी. वरचा थर साल वर करून, उतार बाहेर. त्र्यंबक-इगतपुरीकडे वर पत्रा हवाच, पण बाजू मोकळ्या. ताडपत्रीत गुंडाळणं म्हणजे लाकूड उकडणं! द्राक्षाच्या काड्या यात नकोत, त्या चूल पेटवायला.