खांदशेकणी

काल संध्याकाळी, पोळ्याच्या आदल्या दिवशीच्या खांदशेकणीला, बैलांचे खांदे चोळायची लोण्या-हळदीची वाटी बाबांनी मला ओलांडून धाकट्याच्या हातात दिली, आणि तेव्हापासून माझे कशातच लक्ष नाही.

वाटी जड नव्हती. खांद्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्टने आता हलकी कामे सुरू करायला सांगितले आहे, भिंतीवर बोटे चढवत चढवत हात आता डोक्यापर्यंत जातो, आणि बैलाचा खांदा चोळायला तर तो छातीच्या वरही न्यावा लागत नाही. तरीही "राहू दे, तुह्या खांद्याले तरास होईन," एवढ्यावर विषय संपला. मला विचारले असते तर कदाचित मीच नको म्हटले असते. पण विचारायला हवे होते.

स्लिंग होती तोवर हे सोपे होते. मांडीतून काढलेल्या कंडरेचे नवे लिगामेंट कॉलरबोनला धरू लागेपर्यंत हाताचे स्वतःचे वजनसुद्धा त्याला खाली ओढते, म्हणून हात ६ आठवडे टांगलेला, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होते. आता स्लिंग नाही, दुखणे नाही. मात्र हे लिगामेंट रुजताना मध्यंतरी उलट नाजूक होते, असे डॉक्टरांनी बजावले आहे आणि दिवाळीपर्यंत ओझे बंद केले आहे. म्हणजे दिसायला धडधाकट आणि कामाला अर्धा. कपाशीवर फवारणी चालू आहे; १६ लिटरच्या पंपाचा पट्टा नेमका त्याच हाडावर बसतो, त्यामुळे पंप धाकट्याने नेणे मला पटते. वाटीचे पटत नाही. दवाखान्यासाठी केलेल्या उसनवारीचा त्याच्याशी काही संबंध आहे का, हे आज लिहायला नको.

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," असे बैलांना म्हणताना धाकट्याचा आवाज थेट बाबांसारखा लागला, आणि तेही मला थोडे लागले. तसे पाहिले तर वर्षभर जू ओढल्यावर बैलाला एका दिवसाची सुटी मिळते. मी पेरणीपासून सुटीवर आहे, आवतणाशिवाय आज पुरणपोळी खाणार आहे, आणि तक्रार मात्र माझीच आहे.

उद्या तान्हा पोळा. पुतणीने लाकडी नंदी ओढायला मला सोबत बोलावले आहे, तेही कोणता हात चालतो हे आधी रीतसर विचारून. दोरी डाव्या हाताने धरायची, असे आमचे ठरले आहे.