काट्याचं वजन पॅनलपर्यंत: आमची वाटचाल

पांढरकवड्यात आमचं दुकान सुरू झालं ते मोटार रिवाइंडिंगचं. उन्हाळ्यात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी, दसऱ्यानंतर जिनिंगच्या. स्टार्टर आणि पॅनल वायरिंगची कामं जोडीनं येत गेली. केंद्र सरकारनं २००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केलं, त्यात जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाचा वेगळा भाग होता. पुढच्या वर्षांत राळेगाव, वणी, हिंगणघाट या पट्ट्यात रुईच्या गाठी बांधणारे नवे प्रेस आले आणि त्यांच्यासोबत पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा संगणक, आला. मोटार जळाली की आम्हाला बोलावणं यायचं, पीएलसी अडला की नागपूरच्या इंजिनिअरला. तो येईपर्यंत प्रेस बंद, आत रुईचा ढीग, गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. गाडीवाला शेतकरी रात्र तिथंच काढायचा. हे काम करणारा माणूस तालुक्यातच असला पाहिजे, या एका विचारानं आम्ही ते शिकायला घेतलं.

आज आमच्या कामाचा मोठा भाग एकाच गोष्टीत जातो: मोजणाऱ्या यंत्राचा आकडा पीएलसीपर्यंत नीट पोचवणं. यंत्र कधी प्रेसवरचा वजनकाटा असतो, कधी एनर्जी मीटर, कधी ओलावा मोजणारं. दोन तारांची आरएस-४८५ लाइन, म्हणजे सिग्नल नेण्याची पद्धत, आणि तिच्यावर मॉडबस, म्हणजे यंत्रांची एकमेकांशी बोलायची भाषा. मॉडबस १९७९ सालचं, आरएस-४८५ हे १९८३ सालचं. दोन्ही जुनी, पण विदर्भाच्या ऊन-धुळीत रोज चालतात.

ज्या एका कामानं आमची ओळख झाली, ते सविस्तर सांगतो. ऐन हंगामात एका जिनिंगमधून ऑपरेटरचा फोन आला: "दादा, काट्यावर वजन बराबर येऊन राह्यलं, पॅनलवर मात्र कधी शून्य, कधी दहा कोटी!" आमच्या आधी तिथं केबल बदलून झाली होती, पीएलसीचं कम्युनिकेशन कार्डही बदललं होतं. खर्च झाला, दोष होता तिथंच.

आम्ही तारेला हात लावला नाही. कारण मॉडबसच्या प्रत्येक निरोपाच्या शेवटी सीआरसी नावाची तपासणीची बेरीज असते. वाटेत एखादा बिट जरी बिघडला तरी ती जुळत नाही, आणि पीएलसी तो निरोप टाकून देतो. म्हणजे तार खराब असती तर पॅनलवर एरर आला असता किंवा आकडा जागचा हलला नसता. इथं नवा आकडा येत होता, फक्त चुकीचा येत होता. त्याचाच अर्थ तार, बॉड रेट (निरोपाचा वेग), पॅरिटी (तपासणीचा जादा बिट), स्लेव्ह आयडी (लाइनवरच्या यंत्राचा क्रमांक) सगळं ठीक होतं.

मग लॅपटॉप लावून कच्चे रजिस्टर, म्हणजे यंत्रातले आकडे ठेवायचे कप्पे, वाचले. गाठ १७० किलोच्या आसपास असते. १७०.० हा दशांशाचा आकडा दोन रजिस्टरमध्ये बसतो: सोळाच्या पायाच्या लिखाणात एकात ४३२ए, दुसऱ्यात ००००. काटा आधी एक रजिस्टर पाठवत होता आणि पीएलसी त्यालाच दुसरं समजत होता. उलट क्रमानं वाचलं की हा आकडा इतका बारीक होतो की पॅनलवर शून्यच दिसतं. गाठ १७०.३ किलोची असली की मागच्या रजिस्टरमध्ये ४सीसीडी येतं, ते पुढं गेलं की आकडा दहा कोटींच्या पार. पूर्ण किलोला शून्य, वरच्या तीनशे ग्रॅमला कोटी! प्रोग्रॅममध्ये दोन रजिस्टरची अदलाबदल केली, काट्यावर प्रमाणित वजनं ठेवली आणि दोन्हीकडचा आकडा जुळवून दाखवला. नवा भाग एकही लागला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे नवीन पोराला पहिली गोष्ट हीच शिकवतो. यंत्र गप्प आहे की चुकीचं बोलतंय, हे आधी ठरव. चुकीचं बोलत असेल तर तारेकडे जायचं नाही, रजिस्टरचा पत्ता आणि आकड्याची मांडणी बघायची. कागदावर ४०००१ लिहिलेलं रजिस्टर लाइनवर शून्य क्रमांकाचं असतं, त्यामुळे एका घरानं चुकलेला पत्ता वरचेवर सापडतो.

गप्प असेल तर मात्र मल्टिमीटर काढायचा. वीज बंद करून दोन तारांमधला रोध मोजायचा. दोन्ही टोकांना १२० ओहमची टर्मिनेशन, म्हणजे लाइनच्या टोकाचे रोधक, असतील तर मीटर ६० च्या जवळ दाखवतो. १२० दाखवला तर एक टर्मिनेशन निखळलंय, ४० दाखवला तर कुणीतरी तिसरं लावून ठेवलंय. ए आणि बी या खुणा सगळे उत्पादक सारख्या लावत नाहीत, म्हणून तारा उलट करून बघायच्या; त्यानं काही जळत नाही. मग सेटिंग. मॉडबसचं मूळ प्रमाण १९२०० आणि इव्हन पॅरिटीचं आहे, आमच्या भागात येणारी बरीच यंत्रं ९६०० आणि बिनपॅरिटीची असतात. दोन यंत्रांना एकच आयडी दिलेला असेल तर दोघंही एकदम उत्तर देतात आणि कुणाचंच ऐकू येत नाही.

सगळ्यात त्रास देणारा दोष म्हणजे सकाळी चालतं आणि जिन सुरू झाले की बंद पडतं. तिथं सिग्नलची केबल मोटारीच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून नेलेली सापडते, शील्ड (केबलवरचं धातूचं आवरण) दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडलेली असते, आणि जवळच एखादा व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह, असतो. केबल वेगळी काढणं, शील्ड एकाच टोकाला ठेवणं, लांबच्या पल्ल्यात दोन्ही बाजूंची वीज अलग ठेवणारा आयसोलेटर बसवणं, एवढं केलं की बहुतेक वेळा भागतं. मालकाला पुन्हा केबल ओढण्याचा खर्च जड वाटतो, पण तिथं आम्ही माघार घेत नाही. तात्पुरतं चालू करून निघून जाणं आम्हाला पटत नाही.

आता दुकानात आयटीआय झालेली आसपासच्या गावांतली मुलं आहेत. रिवाइंडिंग अजून चालू आहे. अकोल्याच्या डाळ मिलमधून आणि भंडाऱ्याच्या राइस मिलमधूनही बोलावणी येतात. काम झालं की त्या जागेचा बॉड रेट, पॅरिटी, आयडी आणि रजिस्टरचा क्रम लिहिलेला कागद पॅनलच्या दारावर आतून चिकटवतो. पुढच्या वेळी दुसरा कुणी आला तरी त्याचा वेळ वाचावा, एवढाच हेतू. ज्यांचं जिनिंग पावसाळ्यात बंद असतं त्यांनी तेव्हाच तपासणी करून घ्यावी. मृगाच्या विजांनी गेलेले पोर्ट दसऱ्याच्या तोंडावर कळले की धावपळ होते.

फोन कराल तेव्हा तीन गोष्टी जवळ ठेवा: यंत्राच्या मागच्या पट्टीचा फोटो, पॅनलवर दिसणारा आकडा, आणि त्याच क्षणी काट्यावर असलेला आकडा.