तुम्ही विचारलंत म्हणून: एमुलेटर असताना हे कपाट कशाला?

"लॅपटॉपवर एमुलेटर टाकला की पाच मिनिटांत जुनं युनिक्स चालतं. मग त्या कपाटाएवढ्या मशीनमागे दीड वर्ष कशाला घालवलंत?" हे मला घरच्यांनी विचारलंय आणि चांगल्या मुरलेल्या प्रोग्रॅमर मित्रांनीही. (एमुलेटर म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, आणि ते मशीन म्हणजे मी दुरुस्त केलेला खराखुरा जुना संगणक, पीडीपी-११/४०.) इतके दिवस मी "हौस" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं नाही, पण त्यानं कोणाचं समाधान होत नाही. माझंही होत नाही.

आधी हे कबूल करतो की एमुलेटरशिवाय माझं पानही हललं नसतं. बॉब सुपनिक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या सिमएच या एमुलेटरवर मी युनिक्सची सहावी आवृत्ती इतक्या वेळा बूट केली, म्हणजे सुरू केली, की बोटांना पाठ झाली. डिस्कची इमेज, म्हणजे तिच्यावरच्या सगळ्या मजकुराची फाइल, तीही तिथेच बनवली. जुन्या टेपा वाचून जपणारी मंडळी आहेत, आणि जानेवारी २००२ मध्ये काल्डेरा कंपनीनं त्या आवृत्त्या खुल्या परवान्याखाली दिल्या, म्हणून हे सगळं राजरोस करता येतं. तेव्हा एमुलेटरला नावं ठेवायचा माझा इरादा नाही. एवढंच की त्यातलं मशीन कधी बिघडलेलं नसतं. सहाव्या आवृत्तीला जे जे लागतं ते लिहिणाऱ्यानं आधीच समजून घेऊन तिथे हजर ठेवलेलं असतं. त्यामुळे तिला नेमकं काय काय लागतं, हे आपल्याला कधी कळतच नाही. मला ते कळलं, एकेक करून, आणि बहुतेक वेळा रात्री उशिरा.

माझं मशीन पीडीपी-११/४०. यात मायक्रोप्रोसेसर नाही. प्रोसेसर म्हणजे साध्या टीटीएल चिपांनी (एकेक चिप दोनचार प्राथमिक कामंच करते) भरलेली मोठमोठी कार्डं. सोबत आरके०५ डिस्क ड्राइव्ह. चौदा इंची तबकडी, मिनिटाला १५०० फेरे आणि क्षमता जेमतेम अडीच एमबी. सहावी आवृत्ती १९७५ ची, आणि ती या एवढ्याशा जागेत कर्नल (सिस्टिमचा गाभा), कंपायलर, एडिटर सगळ्यांसकट मावते.

पॉवर सप्लायचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात हुशारी नाही, फक्त संयम लागतो. सगळी कार्डं काढून ठेवली, गाडीच्या हेडलाइटचे बल्ब लोड म्हणून जोडले आणि व्होल्टेज हळूहळू चढवत नेलं. पाच व्होल्टचा रेग्युलेटर पंचवीस अँपियरचा आहे, तो बिथरला तर पन्नास वर्षं टिकलेल्या चिपा एका क्षणात जातील. दोन कपॅसिटर बदलले. डिस्क ड्राइव्हच्या फिल्टरभोवतीच्या फोमचा हात लावताच भुगा झाला. तो भुगा हेडखाली गेला असता तर हेड आणि तबकडी दोन्ही गेलं असतं, कारण वाचणारं-लिहिणारं हेड तबकडीवर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी उंचीवर तरंगतं. साफसफाईत दोन रविवार गेले.

खरी गंमत पुढे आहे. कोऱ्या मशीनला काहीच येत नाही, अगदी सिरियल लाइनवरून (दुसऱ्या संगणकाशी जोडणाऱ्या तारेवरून) वाचायलाही. ते पॅनलवरच्या स्विचनी शिकवावं लागतं. स्विच तिनातिनाच्या गटात रंगवलेले, कारण हिशोब सगळा अष्टमान, म्हणजे ० ते ७ एवढ्याच अंकांचा. मेमरीतल्या जागेचा पत्ता लावायचा, लोड अ‍ॅड्रेस दाबायचं, मग एकेक आकडा लावून डिपॉझिटची कळ वर उचलायची. बाकीच्या कळा खाली दाबायच्या आणि हीच वर उचलायची. चुकून मेमरीत काही लिहिलं जाऊ नये म्हणून असावं असा माझा कयास. चौदा वर्ड (वर्ड म्हणजे सोळा बिटांचा एक आकडा) असे भरले की मशीन त्याहून मोठा लोडर वाचू शकतं, आणि तो लोडर माझा प्रोग्राम वाचू शकतो, जो सिरियल लाइनवरून इमेज घेऊन डिस्कवर लिहितो.

तो प्रोग्राम पहिल्याच ब्लॉकवर अडकला.

थांबवून पाहिलं तर मशीन "डिस्क तयार झाली का?" असं विचारत एकाच जागी फिरत होतं. डिस्क चालवणाऱ्या कंट्रोलरचे रजिस्टर (आकडे ठेवायचे छोटे कप्पे) पॅनलवरून वाचता येत होते, लिहिताही येत होते. ड्राइव्हचा दिवा हिरवा. म्हणजे सगळं जिवंत, पण काम होत नाही. तीन आठवडे मी कंट्रोलरची कार्डं काढली, पुसली, परत बसवली. दोष तिथे नव्हताच.

या मशीनमध्ये सगळी कार्डं युनिबस नावाच्या एकाच बसवर, म्हणजे सामायिक तारांच्या जुडग्यावर, बसतात. डिस्कला मेमरीशी परस्पर देवघेव करायची असेल तर ती बस मागते. प्रोसेसर परवानगी देतो, आणि ती परवानगी एका कार्डाकडून दुसऱ्याकडे हातोहात पुढे जाते, विहिरीवरून घागरी जाव्यात तशी. मध्ये एखादी जागा रिकामी असेल तर घागर तिथेच खाली. म्हणून रिकाम्या स्लॉटमध्ये सिग्नल पुढे ढकलणारं छोटं कार्ड लावतात. ते मी लावलं होतं. पण मेमरीशी परस्पर बोलण्याची परवानगी त्या कार्डातून जातच नाही. तिच्यासाठी स्लॉटच्या मागच्या बाजूला दोन पिनांमध्ये एक बारीक तार असते. आधीच्या मालकानं कधीतरी त्या स्लॉटमध्ये एक कार्ड बसवलं, त्यासाठी तार कापली, पुढे कार्ड काढून घेतलं आणि तार कापलेलीच राहिली. ऑसिलोस्कोपचा प्रोब एका पिनेवर लावला तर पल्स दिसतो, शेजारच्या पिनेवर शुकशुकाट. बोटभर तार गुंडाळली. डिस्कनं एकदम "खट्" आवाज केला आणि प्रोग्राम पुढे सरकला. ९६०० बॉडवर पूर्ण इमेज जायला त्रेचाळीस मिनिटं लागली. मी खुर्चीवरून उठलो नाही.

मग बूट. त्यासाठी फक्त नऊ वर्ड लागतात: ०१२७००, १७७४१२, ००५०४०, ०१००४०, ०१२७४०, ०००००५, १०५७१०, ००२३७६, ००५००७. यातला चौथा मला फार आवडतो. डिस्कला किती वर्ड वाचायचे ते सांगायला हवं, आणि ती संख्या ऋण करून द्यायची असते. लिहिणाऱ्यानं वेगळी संख्या दिलीच नाही. हातात असलेला रजिस्टरचा पत्ताच त्या जागी टाकला. पत्ता १७७४१० च्या आसपासचा, आणि ऋण संख्या म्हणून वाचला तर तो होतो उणे अडीचशेच्या घरात. ब्लॉक असतो २५६ वर्डांचा. शेवटचे काही वर्ड राहतात, पण त्यांच्यावाचून अडत नाही. एक वर्ड कमी लागला, म्हणजे हातानं लावायचा एक आकडा कमी झाला. पडद्यावर ही ओळ मी शंभरदा पाहिली असेल, पण ती अशी का आहे हे कळलं ते बोटं दुखायला लागल्यावर. आणि मेमरी कोअरची, चुंबकी कड्यांची, त्यामुळे वीज गेली तरी भरलेलं टिकतं. तिच्यातून वाचताच मजकूर पुसला जातो आणि मशीन तो लगेच परत लिहितं, हे ऐकलं की माझ्या प्रोग्रॅमर मित्रांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

स्टार्ट दाबलं. टर्मिनलवर एकच चिन्ह आलं: @. बूट प्रोग्राम विचारत होता, काय चालवू? मी आरकेयुनिक्स असं टाइप केलं. मेमरी किती ते छापलं, हक्कांची सूचना छापली, आणि मग: पॅनिक, नो क्लॉक.

घड्याळाचं कार्ड मी पुसायला काढलं होतं. ते टेबलावर पिशवीत होतं.

एमुलेटरमध्ये ही वेळ कधी आली नसती, कारण तिथे ते कार्ड काढून टेबलावर ठेवता येत नाही. कार्ड बसवलं आणि लॉगिन आलं. पहिली काही मिनिटं माझीच फजिती. अक्षर खोडायला # आणि अख्खी ओळ खोडायला @. डिरेक्टरी बदलायला सीडी नाही, चेडिर. लॉगिनचं नाव कॅपिटलमध्ये टाकलं तर सिस्टिम समजते की टर्मिनलला छोटी लिपी येतच नाही, आणि त्यानुसार वागते. सिंगल युजरमध्ये (एकाच माणसानं वापरायच्या अवस्थेत) जायचं असेल तर पॅनलचे स्विच १७३०३० वर ठेवायचे. सॉफ्टवेअर खरोखरच्या स्विचांकडे पाहतं!

तारीख लावताना साल दोनच आकडी. मी २०२५ ऐवजी १९७५ लावलं. दोन्ही वर्षं बुधवारी सुरू होतात, त्यामुळे वार बिनचूक येतात. वेळ मात्र चुकायला लागली. तासाभरानं पाहिलं तर मशीन दहा मिनिटं मागे. पुन्हा कार्ड तपासलं, पुन्हा ऑसिलोस्कोप काढला. कार्ड ठीक होतं. ते विजेच्या वारंवारतेवर ठोके मोजतं. कर्नल लिहिणाऱ्यांच्या देशात सेकंदाला ६० आवर्तनं, आणि माझ्या भिंतीतून येतात ५०. पॅरम नावाच्या हेडर फाइलमध्ये तो ६० चा आकडा बसलेला आहे. एडिटरमध्ये ती ओळ उघडून ५० केलं, कर्नल पुन्हा कंपाइल केला. आता मशीन माझ्या मनगटावरच्या घड्याळाबरोबर चालतं.

हे खूळ माझ्या एकट्याचं नाही. २०१९ मध्ये सिएटलच्या एका संगणक संग्रहालयात, युनिक्स जिच्यावर जन्मलं त्या पीडीपी-७ जातीच्या मशीनवर पहिलंवहिलं युनिक्स चालवून दाखवलं. मूळ डिस्क नव्हती, म्हणून तिची जागा घेणारं सर्किट बनवलं गेलं. तिथल्या लोकांना "एमुलेटर असताना कशाला?" असं कोणी विचारलं असेल, तर त्यांनीही आधी "हौस" म्हणूनच सांगितलं असेल असं मला वाटतं.

आता ठरलेला पुढचा प्रश्न: चालू करून त्यावर करता काय? छोटेमोठे सी प्रोग्राम लिहितो. आणि मग मशीन बंद करतो, तेही सोपं नाही. बंद करायची कमांड नाही. सिंक टाइप करायचं (मेमरीत राहिलेलं डिस्कवर लिहून घ्यायला), डिस्कचा आवाज शांत होईतो थांबायचं, मग पॅनलवरची हॉल्टची कळ खाली. शेवटी ड्राइव्हचा स्विच रनवरून लोडच्या जागेवर आणायचा आणि तबकडी पूर्ण थांबेपर्यंत दाराला हात लावायचा नाही. तेवढा वेळ मी समोर उभा असतो.