तुम्ही विचारलंत म्हणून: तोच शार्प दोनदा कशाला?

"एकाच बारमध्ये, एकाच रेषेवर शार्प आधीच दिलाय ना? मग पुन्हा का छापलात?" ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या चर्चच्या क्वायरसाठी, म्हणजे गायकवृंदांसाठी, मी स्कोअर, म्हणजे गाण्याची छापील स्वरलिपी, तयार करते. नव्या क्वायरकडे पानं गेली की हा प्रश्न येतोच, आणि त्याच्या मागोमाग दुसरा: "हे सगळं सॉफ्टवेअर आपोआप करत नाही का?" दोन्हींचं उत्तर एकमेकांत गुंतलेलं आहे, म्हणून एकत्रच देते.

आधी नियम. स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेषांच्या (स्टाफच्या) पाश्चात्त्य स्वरलिपीत, नोटेच्या आधी शार्प (स्वर अर्ध्याने चढवणारी खूण), फ्लॅट (अर्ध्याने उतरवणारी) किंवा नॅचरल (साध्या स्वरावर आणणारी) दिला की त्याच रेषेवरच्या किंवा रेषांमधल्या त्याच घरातल्या पुढच्या नोटांना तो लागू राहतो, बार, म्हणजे दोन उभ्या रेघांमधला भाग, संपेपर्यंत. उभी रेघ आली की तो संपला. अपवाद फक्त टाय टाकून रेघेपलीकडे लांबवलेल्या नोटेचा. एकट्या व्हायोलिनवाल्याला किंवा बासरीवाल्याला एवढा नियम पुरतो, कारण त्या स्टाफवर जे काही आहे ते सगळं तोच वाजवणार असतो.

चार आवाजांच्या गाण्यात तसं नसतं. तिथे सोप्रानो आणि आल्टो (बायकांचे वरचा आणि खालचा आवाज) वरच्या स्टाफवर एकत्र, टेनर आणि बास (पुरुषांचे वरचा आणि खालचा) खालच्या. सोप्रानोच्या नोटांच्या काड्या वर, आल्टोच्या खाली. आता समजा, पहिल्या मात्रेला आल्टोकडे एफ शार्प आहे आणि तिसऱ्या मात्रेला सोप्रानोकडेही तोच एफ शार्प आहे. नियमाप्रमाणे दुसऱ्या वेळी चिन्ह लागत नाही. पण सोप्रानो गाणारी बाई आल्टोची ओळ वाचत नसते. तिची नजर वर काड्या असलेल्या नोटांवरून सरकते. तिच्या ओळीत त्या बारमध्ये शार्प कुठेच नाही, म्हणून ती साधा एफ गाते. समोर जे आहे तेच तिने इमानाने वाचलेलं असतं.

म्हणून मी तिथे शार्प पुन्हा छापते. चिन्ह वाचणाऱ्यासाठी असतं आणि एका स्टाफला दोन वाचणारे असू शकतात, एवढंच माझं म्हणणं आहे. सॉफ्टवेअरला स्टाफ दिसतो. त्यापुढे कोण उभं राहून गाणार आहे, हे त्याला आपण सांगावं लागतं.

आपल्याकडे हा पेच कधी पडलाच नाही. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ, आणि ती प्रत्येक वेळी त्या त्या स्वराला. पाच कोमल गंधार लागोपाठ आले तर पाच रेघा. मागच्या स्वराची खूण पुढच्या स्वराला चिकटत नाही, त्यामुळे ती किती वेळ टिकते हा प्रश्नच उरत नाही. हार्मोनियम शिकून मग क्वायरमध्ये आलेल्या मुलांना स्टाफ नोटेशनमधली ही टिकण्याची सवय फार उशिरा अंगवळणी पडते. त्यांना समजावताना मी भातखंडे लिपीचाच आधार घेते आणि माझ्या मते लिपी म्हणून या एका बाबतीत ती सरस आहे.

दोन स्टाफवर चार आवाज ही मांडणी आली कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. सोळाव्या शतकात चर्चमधले गायक पार्टबुकांतून गात. सोप्रानोची वही वेगळी, टेनरची वेगळी, बासची वेगळी. दुसऱ्याची ओळ डोळ्यांपुढे नसायचीच. पुढे जर्मन संगीतकार बाखच्या चार आवाजी कोरालांचा, म्हणजे चर्चमधल्या स्तोत्रगीतांचा, संग्रह त्याच्या मुलाने, कार्ल फिलिप इमॅन्युएलने, संपादित केला आणि लाइपझिगच्या ब्राइटकॉप्फने १७८४ ते १७८७ या काळात चार भागांत छापला. तो दोन स्टाफवर होता, कीबोर्ड वाजवणाऱ्यांना वाचायला सोपं जावं म्हणून. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. दोन स्टाफची ही सोय ऑर्गनवाल्याची आहे. ऑर्गनवाला दोन्ही आवाज एकदम वाचतो, त्याला 'स्टाफवर शार्प एकदाच' हा नियम अगदी बरोबर बसतो. आपण तेच पान गाणाऱ्यांच्या हातात देतो आणि नियम मात्र ऑर्गनवाल्याचाच ठेवतो.

इथवर दोन आवाजांना एकच स्वर हवा होता. अवघड जागा पुढे आहे: दोन आवाजांना एकाच क्षणी वेगवेगळे स्वर हवे असतात, आणि तेही एकाच रेषेवर.

देस राग मनात आणा. आरोहात शुद्ध निषाद, अवरोहात कोमल. जी हा सा धरला तर शुद्ध नी म्हणजे एफ शार्प आणि कोमल नी म्हणजे साधा एफ. गाणारा एकटा आहे तोवर दोन्ही निषाद आपापल्या वेळी येतात आणि गोड लागतात. पण समजा, एक आवाज वर षड्जाकडे निघाला आहे, दुसरा धैवताकडे उतरतो आहे, आणि दोघे एकाच मात्रेला निषादावर पोचले. दोघंही आपापल्या चालीने बरोबर आहेत. एकत्र मात्र अर्ध्या स्वराची घासणूक ऐकू येते, आणि क्षणभरात ती मोकळी होते. थॉमस टॅलिस आणि विल्यम बर्ड या इंग्लिश संगीतकारांच्या रचनांत अशा जागा भेटतात. शेवटाकडे येताना वर जाणारा आवाज तीव्र आणि खाली येणारा उतरता, एकाच वेळी. हे ऐकून "छपाईत चूक आहे, दोन्ही सारखे करा" असं मला कुणी म्हटलं की मी आग्रहाने नाही म्हणते. ती घासणूक हाच त्या ओळीचा जीव आहे. ती पुसली की मागे बेचव बेरीज उरते.

हे कागदावर कसं उतरवायचं? दोन्ही नोटा एकाच रेषेवर, त्यामुळे एकमेकींवर ठेवता येत नाहीत, शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. वर काडी असलेली डावीकडे, खाली काडी असलेली उजवीकडे. दोघींना आपापलं चिन्ह, आणि दोन्ही चिन्हं दोन्ही नोटांच्या डाव्या बाजूला, नोटांच्याच क्रमाने. दोन नोटांच्या मधे चिन्ह खुपसायचं नाही, कारण मग त्या दोन एकापाठोपाठ गायच्या आहेत असं वाटतं. साध्या एफलाही नॅचरल छापायचा, 'की सिग्नेचर'मध्ये, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला दिलेल्या कायमच्या चिन्हांत, एफ शार्प नसला तरी. शेजारी शार्प उभा असताना बिनचिन्हाची नोट कुणालाच खात्रीने वाचता येत नाही.

एवढ्यावर भागत नाही. त्या बारमध्ये पुढे जो जो एफ येईल, कुणाच्याही आवाजात, त्याला मी चिन्ह देते. एकाच जागी शार्प आणि नॅचरल दोन्ही येऊन गेल्यावर त्यातलं कोणतं 'चालू' आहे, हे नियमातून निघतच नाही. पान थोडं भरगच्च होतं, होऊ दे. दोन ओळींत अशा तीन-चार जागा आल्या तर मी सरळ चार स्टाफ उघडते. झेरॉक्सची पानं वाढतात आणि त्यावरून कुरकुर होते, पण वाशी-नेरूळच्या क्वायरमध्ये गोव्याला शिकून आलेला एखादा ऑर्गनवाला आणि केवळ कानाने शिकलेले आठ-दहा जण एकत्र उभे असतात. त्यांच्या सरावाचा वेळ मला कागदापेक्षा मोलाचा वाटतो.

कंसाबद्दलही विचारतात. आठवणीपुरतं दिलेलं चिन्ह कंसात ठेवायची रीत आहे, उदाहरणार्थ मागच्या बारमध्ये शार्प होता, आता तो संपला आहे याची आठवण. ते योग्यच आहे. पण सोप्रानोला तिचा शार्प पहिल्यांदाच दिसतो आहे, तिथे कंस घालणं मला पटत नाही. तिच्यासाठी ती आठवण नाही, तीच माहिती आहे. शिवाय झेरॉक्सच्या झेरॉक्सवर कंसातला शार्प काळा ठिपका होऊन बसतो.

आता सॉफ्टवेअर. सगळी नोटेशन सॉफ्टवेअर बारचा नियम उत्तम पाळतात. लिलिपाँड हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर या बाबतीत सर्वात मोकळं आहे. त्यात चिन्हांच्या नियमांच्या अनेक शैली दिल्या आहेत. मूळची शैली स्टाफ धरून चालते. दुसरी प्रत्येक आवाजाचा हिशेब वेगळा ठेवते. पण नुसती ती लावली तर उलटा घोळ होतो: आल्टोचा एफ शार्प झाल्यावर सोप्रानोचा साधा एफ बिनचिन्हाचा राहतो आणि दोन्ही ओळी वाचणारा ऑर्गनवाला तिथे शार्प वाजवतो. म्हणून तिसरी, कोरल नावाची शैली आहे. ती एकट्या गायकालाही सांभाळते आणि पूर्ण स्कोअर वाचणाऱ्यालाही. क्वायरसाठी मी तीच लावते.

तरीही एक जागा हातानेच करावी लागते. लिलिपाँडच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे की चिन्ह ठरवताना फक्त आधीच्या नोटा आणि की सिग्नेचर बघितली जाते, त्याच क्षणी वाजणाऱ्या दुसऱ्या नोटा बघितल्या जात नाहीत. म्हणजे नेमकी आपली देसची जागा. तिथे नोटेच्या नावामागोमाग उद्गारचिन्ह टाकलं की चिन्ह सक्तीने छापलं जातं, प्रश्नचिन्ह टाकलं की कंसात छापलं जातं. म्यूझस्कोअर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नोट निवडून पॅलेटमधून चिन्ह दिलं की नियमाला गरज नसली तरी ते उमटतं. तर "सॉफ्टवेअर आपोआप करत नाही का" याचं उत्तर: बरंचसं करतं, पण हे नाही.

स्कोअर तपासताना बरेच जण कॉम्प्युटरवर प्ले करून ऐकतात. या कामात त्याचा काडीचा उपयोग नाही. फाइलमध्ये प्रत्येक नोटेचा खरा स्वर साठवलेला असतो, चिन्ह छापलं असो वा नसो. त्यामुळे कॉम्प्युटर नेहमी बरोबरच वाजवतो. चिन्हाअभावी अडतो तो माणूस, आणि त्याची अडचण स्पीकरमधून ऐकू येत नाही.

फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवायलाच हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये फिनाले हे नोटेशन सॉफ्टवेअर बंद करत असल्याचं जाहीर झालं, तेव्हापासून जुन्या फाइली म्यूझिकएक्सएमएल या देवाणघेवाणीच्या फॉरमॅटमधून इकडेतिकडे नेण्याचं काम बरंच वाढलं आहे. त्या फॉरमॅटमध्ये नोटेचा स्वर एका ठिकाणी नोंदवतात आणि छापायचं चिन्ह दुसऱ्या. स्वर शाबूत पोचतो. नव्या सॉफ्टवेअरने चिन्हांचा हिशेब आपल्या नियमाने नव्याने मांडला, तर जाणूनबुजून पुन्हा दिलेलं चिन्ह गळून जाऊ शकतं, आणि प्ले केलं तर सगळं ठीकच वाजतं.

तेव्हा माझा स्कोअर दुसरीकडे नेलात तर जुनी पीडीएफ शेजारी उघडा आणि एका वेळी एकच आवाज घेऊन शेवटपर्यंत जा. आधी सगळा आल्टो, मग सगळा टेनर. स्टाफ म्हणून वाचू नका. कुठलं चिन्ह जास्तीचं वाटलं तर खोडण्याआधी मला बार नंबर आणि आवाज कळवा. ते तिथे कुणासाठी ठेवलं आहे, ते मी सांगेन.